आधी मान्यवरांचं वजन

धकाते सरांचं पोट त्यांच्या आधी मैदानावर यायचं. सर मागून, सवडीनं. गळ्यात शिट्टी, पायात घासून गुळगुळीत झालेले कॅनव्हासचे बूट आणि भर एप्रिलातही अंगात ट्रॅकसूटचं जाकीट. जाकिटाची चेन लावली की पोट जरा दबतं, अशी त्यांची समजूत होती. पोट दबत नव्हतं, चेन तेवढी तुटायची. आमच्या नागपूरच्या प्रताप नगरमधल्या शाळेत हा माणूस खेळाचा शिक्षक होता, आणि शाळेतलं एकही पोर बसून बसून जाड होऊ द्यायचं नाही, असा विडा यानं उचलला होता. आता बोला!

नवीन पालक त्यांना पहिल्यांदा पाहायचे तेव्हा हळूच एकमेकांना कोपरखळ्या मारायचे. सरांना ते दिसायचं. मग ते मुद्दाम जवळ जाऊन पोटावर हात ठेवून सांगायचे, "हसा, हसा. मी नमुना आहो. खेळणं सोडलं का माणसाचं काय होते, हे पोराईले दाखवाले शाळेनं मले ठेवलं आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. मूळचे उमरेडचे कोष्टी. आजोबा हातमागावर बसणारे. "माह्या आज्यानं जन्मात कधी व्यायाम केला नाही, मॅडम. दिवसभर हातानं धोटा अन् पायानं माग. संध्याकाळी भाकरीचा ढीग संपवे, तरी पोट पाठीले लागलेलं. माग गेला, भाकरीचा ढीग राहिला. तो माह्या वाट्याले आला." कॉलेजात स्वतः कबड्डी खेळायचे. गुडघा गेला, कबड्डी सुटली, भूक मात्र खेळाडूचीच राहिली. चाळिशीच्या आतच साखर निघाली. इंजेक्शन ते स्टाफरूममध्येच घ्यायचे, शर्ट थोडा वर करून, आमच्याशी पगारवाढीच्या गप्पा मारत. आणि ते घेऊन झालं की कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे. तर्री दोनदा मागून घ्यायची.

मी एकदा म्हटलं, "सर, तुम्हाला साखर आहे ना?"

"साखर गोडानं वाढते. हे तिखट आहे."

आता या माणसाला काय शिकवायचं? मी त्याच शाळेत मराठी शिकवते. म्हणजे लोकांना काही शिकवता येत नाही, याची मला चांगली सवय आहे.

आमच्या शाळेत पीटीचा तास म्हणजे बेवारशी माल. परीक्षा जवळ आली की गणितवाले तो उचलणार, गणितवाले दमले की विज्ञानवाले. मराठीला कोणी पोर्शन समजतच नाही, म्हणून त्या लुटीत मी कधी नव्हते. आधीचे खेळाचे शिक्षक अशा वेळी स्टाफरूममध्ये पेपर वाचत बसायचे आणि सुखी असायचे. धकाते सर बसले नाहीत. गणिताच्या मॅडमनी सहावीचा तास घेतला, तर हे वर्गात गेले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाक कुरकुरला. मॅडम म्हणाल्या, "सर, काही काम होतं?"

"नाही, तुमचं चालू द्या. तास माहा आहे, पगार मी घेतो, म्हणून कुठंतरी बसलो पायजे ना."

मग त्यांनी शंका विचारायला सुरुवात केली. अपूर्णांक उलटा काहून करायचा? उलटा केल्यावर त्याले वाईट नाही वाटत का? पोरं हसून हसून बाकाखाली. हा प्रकार आठवडाभर चालला. गणिताच्या मॅडमनी तक्रार केली, रडल्या, आणि शेवटी तास सोडला. तेव्हापासून सहावीचा पीटीचा तास मैदानावरच व्हायला लागला. शाळेच्या इतिहासात अशी क्रांती दुसरी झालेली नाही.

घरांच्या बाबतीत मात्र सरांचा पार निभाव लागला नाही. ज्यांच्या गच्चीवरून शाळेची घंटा ऐकू येते, अशा घरांतली पोरं आमच्याकडे व्हॅननं येतात. सरांनी ठरवलं, आपण सकाळी चौकात उभं राहायचं आणि जवळच्या पोरांना घेऊन पायी शाळेत यायचं. आयांनी टाळ्या वाजवल्या. फारच छान कल्पना, म्हणाल्या. पहिल्या दिवशी मी पाहिलं: पुढं सर, त्यांच्या मागं रांगेत पोरं, आणि पोरांच्या मागं स्कूटीवर आया, एकेक पाय जमिनीला टेकवत, पुढं पोरांची दप्तरं, हातात पाण्याच्या बाटल्या. नवरदेव तेवढा नव्हता. मधेच एक आई ओरडली, "बेटा, थकला का? बस मागं!" बेटा बसला. मग बाकीचेही बसले. शाळेच्या फाटकात सर एकटे पायी आले आणि घामानं निथळत म्हणाले, "मॅडम, माहा व्यायाम झाला."

पण मला सांगायची आहे ती गार्गीची गोष्ट. कारण सर म्हटलं की मला तीच आठवते.

गार्गी सहावीत होती. गोरी, गुबगुबीत, हुशार, आणि वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी. पोरं तिला "जंबो" म्हणायची आणि ती ऐकू न आल्यासारखं करायची. पालकसभेच्या दिवशी तिची आई माझ्याजवळ बसून रडली. धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोरीची साखर अगदी काठावर आहे, आत्ताच वजन आवरलं नाही तर या वयात गोळ्या सुरू कराव्या लागतील. "मॅडम, आमच्याकडे तर सगळेच खात्यापित्या घरचे. हिला काय खायला नको म्हणू? आजी तर म्हणते, पोरीची दृष्ट काढ." बोलता बोलता तिनं पर्समधून वेफर्सचं पाकीट काढून गार्गीच्या हातात दिलं. मी तिला काय म्हणणार? तिचा जीव पोरीत अडकला होता, आणि हात सवयीनं चालत होता.

मी सरांना सांगितलं. त्यांना ते आधीच कळलं होतं. पीटीच्या तासाला गार्गीच्या पोटात दुखायचं. ती लिंबाखाली बसून सगळ्या वर्गाच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. सर म्हणाले, "मॅडम, हिले आत्ता मैदानात आणलं नाही ना, तर ही जन्माची बसते. साखर गोळीनंही खाली येईल. पण आपल्याले खेळता येत नाही, हे एकदा पोट्टीच्या डोक्यात बसलं का ते काढाले गोळी नाही."

"मग ओढून आणा."

"ओढलं तर ते व्यायाम होते. खेळ नाही होत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बाटल्या उचलून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीजवळ ठेवल्या. कोणाला तहान लागली की त्यानं गार्गीला हाक मारायची आणि तिनं बाटली आणून द्यायची, अशी सरांची आज्ञा. नागपूरचं ऊन, तहानेला तोटा नाही. बिचारी इकडून तिकडे, तिकडून इकडे. चार दिवसांनी ती कंबरेवर हात ठेवून सरांसमोर उभी राहिली. "सर, बाटल्या इतक्या दूर काहून ठेवता?"

"तिकडं सावली आहे ना वं. पाणी गरम होते."

"तिकडं सावली नाहीच आहे!"

"मंग उद्या पाहू सावली कुठं पडते ते."

उद्या बाटल्या आणखी लांब गेल्या. आठवडाभरात गार्गी चिडून धावत जायची आणि धावत यायची, म्हणजे हे काम एकदाचं संपावं. सर तिच्याकडे बघायचेही नाहीत.

मग एक दिवस खो-खोत एक गडी कमी पडला. पडला कसला, सरांनी एकाला निरोप देऊन ऑफिसात पिटाळलं होतं. "गार्गी, उभी राय वं जरा, तो येईपर्यंत." गार्गी उभी राहिली आणि लगेच आऊट झाली. पोरं ओरडली, जंबो आऊट! ती लिंबाकडे वळली, तर सर म्हणाले, "कुठं चालली? माह्या तासात आऊट झालेला बसत नाही. मैदानाले एक चक्कर मारून परत ये."

हा नियम त्यांचा स्वतःचा. कोणत्याही पुस्तकात नाही. त्यांचं म्हणणं, आपले सगळे खेळ उलटे आहेत. जो चपळ आहे तो तासभर पळतो, आणि ज्याला पळायची गरज आहे तो पहिल्या मिनिटाला आऊट होऊन तासभर बसतो. "हे म्हणजे उपाशी माणसाले पंगतीतून आधी उठवणं झालं," असं ते म्हणायचे. त्या दिवशी गार्गी सगळ्यांत जास्त वेळा आऊट झाली आणि सगळ्यांत जास्त पळाली. शेवटच्या चकरेत ती लालबुंद झाली होती आणि हसत होती. मी वरच्या वर्गाच्या खिडकीतून बघत होते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

एवढं सगळं नीट चाललेलं आमच्या संस्थेला कसं बघवणार? जानेवारीत मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या प्राचार्यांनी, मीटिंग घेतली. मुलांमधला लठ्ठपणा वाढतो आहे, हे त्यांना कुठल्याशा व्हिडिओतून समजलं होतं. म्हणून शाळेत "हलकंफुलकं बालपण" हे अभियान. भव्य उद्घाटन, धंतोलीचे मोठे डॉक्टर प्रमुख पाहुणे, संस्थेचे सचिव अध्यक्ष, प्रेस. आणि कार्यक्रमाचं मुख्य आकर्षण: निवडक मुलांचं मंचावर वजन. आकडा मोठ्या पडद्यावर दिसणार. त्याप्रमाणे मुलाच्या छातीवर हिरवा, पिवळा नाहीतर लाल बिल्ला लावायचा. निवडक म्हणजे कोण, हे सांगायला नको. सहावीतून गार्गीचं नाव होतं.

धकाते सर उठून उभे राहिले. "मॅडम, वजन घ्या. पण बंद खोलीत घ्या. आकडा आईबापाले सांगा, बस."

"अहो सर, अवेअरनेस! लपवून अवेअरनेस होतो का? मुलांना थोडी लाज वाटली, तरच ती कमी खातील."

"लाज वाटली का पोट्टे जास्त खातात, मॅडम. लपून खातात. मी स्वतः खाल्लं आहे."

मीटिंगमध्ये लोक हसले. मोठ्या मॅडमनी नाश्त्याचा विषय काढला. समोसे की सांबारवडी, यावर मात्र सखोल चर्चा झाली आणि दोन्ही ठेवायचं ठरलं.

यादीत आपलं नाव आहे हे गार्गीला कळलं आणि तिनं खेळणं बंद केलं. परत लिंबाखाली. पोटात दुखणं परत सुरू. मी तिच्याजवळ गेले, तर म्हणाली, "मॅडम, मी त्या दिवशी येणार नाही. नंतरही नाही येणार." रडत नव्हती, त्यानंच मला भीती वाटली. सर मैदानाच्या मधोमध उभे राहून तिच्याकडे बघत होते आणि शिट्टी वाजवायची विसरले होते. सहा महिन्यांची मेहनत एका फ्लेक्सनं खाल्ली होती. फ्लेक्सवर मुलांचे फोटो नव्हतेच म्हणा, सचिव साहेबांचा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी तिच्या आईनं तिला ओढत आणलं. आईला वाटत होतं, एवढे मोठे डॉक्टर येणार, पोरीचं भलंच होईल. मैदानावर मांडव, पुढच्या सोफ्यांवर मान्यवर, त्यांच्या मागं पैठण्या नेसलेल्या पालक प्रतिनिधी, सगळ्यांत मागं उन्हात पोरं. मंचावर, देव गादीवर ठेवावा तसा गालिच्यावर वजनकाटा. गार्गी आणि बाकीची निवडक पोरं मंचाच्या बाजूला खाली मान घालून उभी. आणि माइक धकाते सरांच्या हातात. खेळाच्या शिक्षकाचा आवाज मोठा असतो, या कारणानं आमच्याकडचे सगळे कार्यक्रम तेच चालवायचे. मोठ्या मॅडमना त्याचा नंतर फार पश्चात्ताप झाला.

दिवा लावून झाला. शाल-श्रीफळ झालं. डॉक्टर साहेबांनी मैद्यावर आणि साखरेवर भाषण केलं. ते मंचाच्या पायऱ्या चढले तेव्हा दोघांनी आधार दिला होता, हे जाता जाता सांगते. मग सर माइकवर आले. माइकवर ते पुस्तकातलं मराठी बोलायचे.

"आपल्या संस्थेची एक उज्ज्वल परंपरा आहे. दीपप्रज्वलन आधी मान्यवरांच्या हस्ते. सत्कार आधी मान्यवरांचा. नाश्तासुद्धा आधी मान्यवरांचा. त्यामुळे आजच्या उपक्रमाचा पहिला मानही मान्यवरांचाच आहे. आधी मान्यवरांचं वजन होईल, मग मुलांचं."

सोफ्यांवरचे मान्यवर एकमेकांकडे बघायला लागले.

"मान्यवरांना संकोच वाटू नये म्हणून सुरुवात माझ्यापासून करतो." सर काट्यावर चढले. पडद्यावर शंभरीच्या पार पलीकडचा आकडा आला. सरांनी तो मोठ्यानं वाचला, डबीतून लाल बिल्ला काढला आणि स्वतःच्या जाकिटाला लावला. पोरांनी जो काही गजर केला, तो पार चौकापर्यंत गेला असेल. "आता सन्माननीय सचिव साहेबांना विनंती करतो."

सचिव साहेब उठले. मानाचं आमंत्रण, नाही कसं म्हणणार? हार गळ्यात तसाच होता. काट्यावर चढताना त्यांनी पोट आत ओढून घेतलं, जसं काही काटा पोट मोजतो. आकडा यायच्या आत ते खाली उतरले. डॉक्टर साहेबांना तेवढ्यात इमर्जन्सीचा फोन आला. फोनची रिंग काही कोणाला ऐकू आली नाही, पण साहेब बोलत बोलत गाडीकडे गेले.

"हरकत नाही," सर म्हणाले. "आता आपल्या आदरणीय पालक प्रतिनिधी. कृपया एकेक करून मंचावर यावं. आकडा पडद्यावर दिसेल."

आता मात्र सोफ्यामागून आरडाओरड सुरू झाली. "हे काय लावलं?" "सगळ्यांसमोर?" "आम्ही काय नमुने आहो का?" एक बाई तर पदर खोचून उभ्या राहिल्या. "काही मॅनर्स आहेत की नाही या मास्तरले? बायकांचं वजन कोणी चारचौघांत विचारते का?"

सर माइक हातात धरून नुसते उभे राहिले. आणि त्या बायकांतच बसलेली गार्गीची आई उठली. ती मुद्दाम उठली नव्हती. तीही इतरांसारखी घाबरून जायलाच निघाली होती. पण मंचाच्या बाजूला तिला आपली पोर दिसली. ती थांबली. "अवं बाया," ती म्हणाली, "आपल्याले लाज वाटून राहिली, अन् पोरी सकाळपासून तिथं उभ्या आहेत. त्याईले नाही वाटत का?" आणि ती तरातरा पुढे गेली, गार्गीचा हात धरला आणि तिला घेऊन मांडवाबाहेर पडली. एकेक करून बाकीच्या आयाही उठल्या आणि आपापली पोरं घेऊन गेल्या. काट्यावर शेवटपर्यंत एकही पोर चढलं नाही. "तांत्रिक कारणामुळे वजन कार्यक्रम पुढे ढकलण्यात येत आहे," असं मोठ्या मॅडमनी स्वतः जाहीर केलं. समोसे मात्र वेळेवर आले.

सरांना त्या संध्याकाळीच ऑफिसात बोलावणं आलं. आत काय झालं, मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा लाल बिल्ला तसाच होता. "काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मी परंपरेचा अपमान केला म्हणते. मी म्हटलं, मी तर पाळली!"

आमच्या शाळेत गणिताचा शिक्षक कायम असतो आणि खेळाचा कंत्राटी. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांचं कंत्राट संपलं आणि पुढे कोणी वाढवलं नाही. स्टाफनं निरोप दिला. शाल, श्रीफळ, आणि साखरेच्या माणसाला संत्रा बर्फीचा मोठा डबा. आता एक ॲक्टिव्हिटी कोच येतो. त्याचं पोट सपाट आहे, त्याच्याजवळ ॲप आहे, आणि सहावीचा पीटीचा तास पुन्हा गणितवाले घेतात.

मला फार राग आला होता. संस्थेचा आला, स्टाफचा आला, आणि सरांचाही आला. एवढी नोकरी घालवून काय मिळवलं या माणसानं? पोरगी एकदा मांडवातून बाहेर गेली म्हणजे काय मैदानात आली का?

यंदाच्या थंडीत एका रविवारी भाजी आणायला निघाले होते. महानगरपालिकेच्या मैदानाजवळ धकाते सर दिसले. उभ्या केलेल्या स्कूटरवर आडवे बसलेले. एका पायाला पांढरी पट्टी. बूट चावला, जखम झाली, साखरेमुळे भरतच नाही म्हणाले. डॉक्टरांनी पाय टेकवायला मनाई केली होती. "मंग मी टेकवत नाही, पाहा," म्हणाले, जणू माझ्यावरच उपकार. पाच-पंचवीस पोरं मैदानात धुरळा उडवत होती. आसपासचीच, कुठल्या-कुठल्या शाळांची. रविवारी सर तिथं येतात हे त्यांना कळलं होतं, तेवढंच. ना फ्लेक्स, ना पाहुणे.

मी विचारायच्या आत मला गार्गी दिसली. किती बारीक झाली, ते मला सांगता येणार नाही; फारशी झाली नसावी. धुळीनं माखलेली, एक गुडघा खरचटलेला, आणि दुसऱ्या एका पोरीची फ्रॉकची बाही धरून तारस्वरात भांडत होती. "शिवली होती मी तुले! खोटारडी! शिवली होती!"

"नाही शिवली!"

"सर, सोडवा ना," मी म्हटलं. "मारामारी होईल."

ते हलले नाहीत. दोघी भांडत भांडत आमच्याकडेच आल्या. "सर, तुम्ही पाहिलं ना? मी शिवली होती ना हिले?"

सरांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. गार्गीचा हात त्या पोरीपासून चांगला वीतभर लांब राहिला होता.

"मी मॅडमशी बोलून राहिलो होतो वं," सर म्हणाले. "नाही पाहिलं. पुन्हा खेळा."

दोघी माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत परत गेल्या. मी सरांना म्हणाले, "अहो, सरळ सरळ खोटं बोललात की..."

"थांबा ना मॅडम," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "मंग बोला. आत्ता पाहू द्या. पळून राहिली ते."